अंगठा थांबला पाहिजे : निवडीचा खेळ कसा लिहावा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आहे. वावर वरून ओलं दिसतं. बियाण्याची पाकिटं कृषी केंद्रातून उधारीवर आणून ठेवली आहेत. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं पेरणी सुरू केली. स्क्रीनवर दोनच ओळी आहेत : ‘आज पेरतो’ आणि ‘थांबतो’.

मी लिहीत असलेल्या खेळातला हा पहिला प्रसंग. यवतमाळकडच्या एका कास्तकाराचा जून ते जानेवारी हा कापसाचा हंगाम, मोबाइलवर वाचत वाचत खेळायचा. चित्रं नाहीत, आवाज नाही, फक्त मजकूर आणि निवडी. पहिल्या खर्ड्यात तीस निवडी होत्या आणि मला त्यांचा मोठा अभिमान होता. तो मोठ्या आईला खेळायला दिला. पाव तासात तिनं हंगाम संपवला. प्रत्येक वेळी वरचंच बटण दाबलं आणि फोन परत देताना म्हणाली, “वरचं दाबलं तरी चालते न, बाप्पा?” खरंच चालत होतं. तीसपैकी एकाही ठिकाणी तिचा अंगठा थांबला नव्हता. त्यानंतर मी जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो.

आधी हत्यार, थोडक्यात

ट्वाइन हे मोफत साधन घ्या. २००९ मध्ये ख्रिस क्लिमास यांनी ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. एक प्रसंग म्हणजे एक चौकट. मजकुरात दुहेरी चौकोनी कंसात [[आज पेरतो]] असं लिहिलं की त्याचं बटण होतं आणि पुढची चौकट आपोआप तयार होते. मराठी मजकूर नीट दिसतो. खेळ पूर्ण झाला की एकच फाइल निघते आणि ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. एक काळजी घ्या. ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरत असाल तर तुमचं लिखाण त्या ब्राउझरच्या साठवणीत राहतं. ती साफ झाली की सगळं गेलं. म्हणून रोज काम संपवून उठताना एक प्रत वेगळी उतरवून ठेवा.

मग ठरवा, खेळाडूच्या गाठीला काय आहे

गोष्ट लिहायच्या आधी एका कागदावर खेळाडूला जपायच्या तीन-चार गोष्टी मांडा. माझ्या कागदावर हातातला पैसा, उधारी, शेजारपाजारचा संबंध आणि घरच्यांची तब्येत आहे. हंगामभर या चारही गोष्टी एकदम जपता येऊ नयेत, अशी मांडणी हवी. एक ओढली की दुसरी उघडी पडली पाहिजे. कागदावर एकच गोष्ट असेल, समजा नुसता पैसा, तर निवड उरत नाही. बेरीज-वजाबाकी उरते, आणि जास्त बेरजेचं बटण कुणीही दाबतो.

प्रत्येक निवडीला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न : खेळाडूला निवडण्यापुरतं माहीत आहे का? पेरणीच्या माझ्या पहिल्या प्रसंगात “पाऊस पडला. काय करणार?” एवढंच होतं. ती निवड नव्हती, छापा-काटा होता. पेरणीयोग्य पाऊस म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. गावातला माणूस ते मिलिमीटरमध्ये मोजत नाही. तो माती उकरून ओल किती खाली गेली ते बघतो. खेळाडूला ही ओल दिसली पाहिजे. नुसती ‘दोन बोटं खाली माती कोरडी होती’ ही ओळ घातली तरी तीच दोन बटणं वेगळी वाटायला लागतात. सगळंही सांगू नका. पुढे पाऊस येईल की उघडीप पडेल, हे कास्तकाराला माहीत नसतं, तर खेळाडूलाही कळायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न : दोन्हीकडे काही गमावावं लागतं का? ओल नसताना पेरलं तर बी करपून दुबार पेरणीची पाळी येऊ शकते, म्हणजे पुन्हा पाकिटं आणि पुन्हा उधारी. थांबलं तर हंगाम मागे सरकतो. शिवाय आज ठरलेल्या मजूर बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात गेलेल्या असतात. दोन्ही बाजूंना काटा आहे. एकीकडे काटा आणि दुसरीकडे फूल असेल तर खोडा आणि पुन्हा लिहा.

इथेच ‘अर्ध्या वावरात पेरतो’ ही मधली वाट सुचते. मला ती फार आवडली होती, कारण गावात लोक खरोखर तसं करतात. पण खेळून बघितलेल्या प्रत्येकानं तीच निवडली आणि सगळा ताण निघून गेला. ती काढून टाकणं खोटेपणाचं झालं असतं. म्हणून मी तिचीही किंमत लिहिली. अर्धं पीक पुढे, अर्धं मागे. डवरण दोनदा, फवारणीचे दिवस वेगळे, वेचणीला बाया दोनदा बोलवायच्या. आता तिन्ही वाटा भारी पडतात. मधली वाट ठेवायची असेल तर तिलाही स्वतःचं ओझं द्या.

तिसरा प्रश्न : खेळ हे लक्षात ठेवतो का? याबद्दल जरा विस्तारानं सांगायला हवं.

फाटे फोडू नका, पांदणी जोडा

नवीन लिहिणारा बहुतेक इथेच दमतो. प्रत्येक निवडीनंतर गोष्ट कायमची वेगळी करायची म्हटलं, तर दर वेळी फक्त दोन निवडी धरून दहाव्या निवडीला १०२४ शेवट होतात आणि एकूण २०४७ पानं लिहावी लागतात. रोज एक पान लिहिलं तरी साडेपाच वर्षं लागतील. आणि एका वेळी खेळणारा त्यातली फक्त अकरा पानं वाचेल.

आमच्याकडे वावरात जायला तीन पांदणी आहेत. एक चिखलाची, एक लांबची, एक दुसऱ्याच्या धुऱ्यावरून. तिन्ही नाल्याशी येऊन मिळतात. नाल्यावर पोचलेला माणूस तोच असतो, पण एकाची बैलबंडी चिखलानं भरलेली असते, एकाला उशीर झालेला असतो, आणि एकजण धुरेवाल्याशी भांडून आलेला असतो. खेळ असाच बांधा. निवडीनंतर दोन-तीन छोटी पानं वेगळी असू द्या आणि पुढच्या मोठ्या प्रसंगाला सगळे एकत्र येऊ द्या. तिथं पोचताना बंडीत काय आहे, त्याची नोंद मात्र ठेवा. दहा निवडींचा हंगाम असा तीस-चाळीस पानांत बसतो.

ही नोंद म्हणजे व्हेरिएबल. उधारी किती, शेजाऱ्याशी बोलणं आहे की नाही, दुबार पेरणी झाली की नाही, एवढंच त्यात साठवायचं. व्हेरिएबलची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवलीत तर अडचण येत नाही. मग प्रसंगात अट घालायची : उधारी असेल तर ही ओळ दाखव, नसेल तर ती. सुरुवातीला दोन-तीन नोंदी पुरतात. मी अकरा ठेवल्या होत्या, त्यातल्या सहांचा पुढे कुठेच उपयोग झाला नाही.

परिणाम उशिरा येऊ द्या

बटण दाबल्याबरोबर ‘तुमचे १००० रुपये कमी झाले’ असं दाखवलं की खेळाडू हिशेब करतो आणि विसरतो. जूनमधली उधारी नोव्हेंबरात समोर आली की त्याला आपलाच हात आठवतो.

माझ्या खेळात पहिली वेचणी झाल्यावर कापूस घरात येतो. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा आहे. भाव कमी, पण पैसे रोख आणि आजच. दुसरी वाट सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राची. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये हमीभाव होता. पण कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर असेल तर दर कापला जातो, आणि १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल घेतच नाहीत. म्हणजे कापूस वाळवायचा, गाडी करायची आणि रांगेत थांबायचं. पैसे नंतर खात्यात येणार.

ही निवड तशी सरळ वाटते. जूनमध्ये ‘थांबतो’ म्हणणाऱ्याला ती बरीच सरळ आहेही. पण ज्यानं दुबार पेरणीसाठी पुन्हा उधार घेतलं, त्याच्या पानावर एक ओळ जास्त आहे : काटा घेऊन आलेला माणूस कृषी केंद्रवाल्याचा भाऊ आहे. बटणं तीच, शब्दही तेच. तरी या ओळीपाशी लोक थांबतात, वर सरकवून मागचं वाचायला जातात. एवढ्या एका ओळीसाठी मी चार दिवस घालवले आणि ते सार्थकी लागले असं मला वाटतं.

पावसाबद्दल एक गोष्ट सांगतो. दर वेळी फासा टाकून पाऊस ठरवू नका. विचार करून निवडणाऱ्याला फाशानं आपटलं की तो विचार करणंच सोडतो. मी खेळ सुरू होतानाच ते वर्ष कसं असेल ते ठरवून टाकतो आणि त्याच्या खुणा मजकुरात पेरतो. वारा कुठल्या दिशेचा आहे, पारावर म्हातारे काय बोलतात, अशा खुणा. वाचणाऱ्याला त्या दिसतात, घाई करणाऱ्याच्या हातून सुटतात.

बटणावरचे शब्द

निवेदन प्रमाण मराठीत असलं तरी बटणावर पात्राची बोली ठेवा. बटण म्हणजे खेळाडूचं तोंड. ‘मी नकार देतो’पेक्षा ‘नाही जमत भाऊ, औंदा राहू दे’ हे दाबताना माणूस स्वतः बोलल्यासारखा होतो. आणि बटणावर जे लिहिलं तेच घडलं पाहिजे. ‘स्पष्ट बोलतो’ दाबल्यावर पात्रानं दुकानदाराची आईमाई काढली तर खेळाडूला फसवल्यासारखं होतं आणि तो पुढच्या एकाही बटणावर विश्वास ठेवत नाही.

काही बटणं बनवू नका

विदर्भातल्या शेतीवर लिहायचं म्हटलं की शेतकरी आत्महत्येचा विषय येतोच. माझं मत पक्कं आहे : ते बटण नको, आणि ‘वाईट खेळलात’ याचं फळ म्हणूनही तो शेवट नको. ज्या घरात ते झालं, तिथलं कुणीतरी हा खेळ उघडणार आहे. त्या माणसानं चुकीची बटणं दाबली होती, असं आपल्या खेळातून निघता कामा नये. कर्ज, भाव, पाऊस यातलं बरंच काही एका माणसाच्या निवडीत नसतं. खेळात ते तसंच, निवडीबाहेरचं दाखवा. काही पानांवर बटण एकच असू द्या.

फवारणीचा प्रसंग मात्र मी ठेवला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा तोंडावर येणारा, अळी वाढत चाललेली. आज फवारायचं की वारा पडेपर्यंत थांबायचं? पंप स्वतःच्या पाठीवर घ्यायचा की रोजदारीनं आलेल्या पोराच्या? इथे निवड खरोखर माणसाच्या हातात असते.

दुसऱ्याला खेळू द्या आणि गप्प बसा

चार-पाच जणांना खेळायला द्या. एखादा शाळकरी पोरगा, एखादी वेचणीला जाणारी बाई, एखादा कधीच खेळ न खेळलेला म्हातारा. शेजारी बसा, समजावून सांगू नका. त्यांच्या अंगठ्याकडे बघा. कुठे थांबला, कुठे न वाचता पुढे गेला, ते वहीत लिहा. एखाद्या ठिकाणी सगळ्यांनी एकच बटण दाबलं तर दुसऱ्याचं वजन वाढवा. कुणी निवडीआधी तुम्हाला काही विचारलं, तर ते मजकुरात नाही असं समजा.

दुसरा खर्डा मी पुन्हा मोठ्या आईला दिला. पेरणीच्या पानावर ती थांबली. चष्मा वर केला, परत वाचलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “दोन बोटं म्हणतोस, पण माती कोणती, काळी का बरड? थे कुठं सांगतलं तू?”

मी वही काढली.