आधी गाळा, मग आवाज वाढवा

सांगलीत घरच्या खोलीत भजन रेकॉर्ड केलं, की गायकाच्या माइकमध्ये गळ्यासोबत पंख्याची घरघर, बाहेरून गेलेली एसटी आणि 50 हर्ट्झचा विजेचा हमही येतो. मग मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र केल्यावर, पखवाज दबतो आणि आपण पखवाजच वाढवत बसतो. (मीही बरीच वर्षं हेच केलं.)

त्याऐवजी गळ्याच्या ट्रॅकवर हाय-पास फिल्टर लावा, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येखालचा (कटऑफखालचा) आवाज गाळणारा फिल्टर. उतार 12 डीबी प्रति ऑक्टेव्ह, म्हणजे कटऑफखाली दर सप्तकाला 12 डीबी घट. सगळे ट्रॅक चालू ठेवून कटऑफ 40 हर्ट्झपासून हळूहळू वर न्या. आवाज पातळ वाटला की थोडं मागे या. पुरुषी गळ्याला बहुधा 80च्या आसपास जमतं, बायकांच्या गळ्याला 120पर्यंतही. पण आकडा कानाने ठरवा, एकट्या गळ्याचा ट्रॅक ऐकून नव्हे. बहुतेक फिल्टरमध्ये कटऑफपाशीच आवाज 3 डीबी उतरलेला असतो, म्हणून खर्ज लावणारा गायक असेल तर जपून.

पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूला मात्र हात लावू नका. तिच्या खोल आवाजासाठीच तर खाली जागा केली.

आणि मिरजेचा तंबोरा असेल, तर खरखर घालवायला लो-पास, म्हणजे वरचा आवाज गाळणारा फिल्टर, लावू नका. जवारीची (घोडीवरून तार घासून येणाऱ्या गुंजनाची) झळाळी वरच्याच स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या उंच कंपनांत असते.