रंगवलेल्या कोब्याला सीलर मारताय? या चुका टाळा

जूनचा पहिला पंधरवडा उलटला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. तपकिरी रंगवलेला कोबा, त्यावर दुधाळ ढग, कुठेकुठे सुटलेले पापुद्रे. सोबत प्रश्नही एकच: "सीलर खराब निघाला का हो?" बहुतेक वेळा सीलर, म्हणजे रंग टिकावा आणि पाणी मुरू नये म्हणून कोब्यावर मारायचं द्रावण, चांगलाच असतो. त्याच्याखाली जे कोंडलं गेलं, ते वर यायला बघत असतं.

ॲक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन), इपॉक्सी हे सीलर कोब्यावर पडदा धरतात. सिलेन-सिलॉक्सेनचा सीलर आत मुरतो. तो वरून पाणी शिरू देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. पडद्याने रंग खुलतो, पाणी मारल्यासारखी चमक येते, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. जागा न बघता चमक बघून डबा उचलला की बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

ओल असताना घाई

दापोलीजवळच्या एका घराची पडवी मी ॲसिड स्टेनने, म्हणजे कोब्याशी क्रिया होऊन रंग धरणाऱ्या द्रावणाने, रंगवली होती. सुमारे साडेतीनशे चौरस फूट. गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला ठरलेला आणि कोबा घालून जेमतेम अठरा दिवस झालेले. मी म्हटलं, 28 दिवस जाऊ द्या, मग बघू. मालक म्हणाले, पाहुणे यायचेत, वरून तर कोरडा दिसतोय. वरून खरंच कोरडा दिसत होता. मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. थिनरवालं ॲक्रिलिक मारून मोकळा झालो. गृहप्रवेशाच्या दिवशी पडवी पावसात भिजलेल्या जांभ्यासारखी दिसत होती, आलेला प्रत्येक जण वाकून हात लावून बघत होता.

जूनच्या अखेरीस फोन आला. जाऊन बघितलं तर निम्म्या पडवीवर पांढरे ढग. नखाने कड उचकटली तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा हातात आला. खाली पांढरी भुकटी. जोत्यात मातीचा भराव होता आणि कोब्याखाली प्लास्टिकचा कागद घातलेलाच नव्हता. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढली, सिमेंटमधला चुना सोबत घेऊन आली. त्या चुन्याचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा क्षार होतो. पडद्याने वाट अडवली, मग ओलीने पडदाच उचलला.

पावसात काहीच करता आलं नाही. डिसेंबरात स्ट्रिपर, म्हणजे जुना सीलर सोडवणारं रसायन, लावून चार दिवस घासत बसलो. जिथे घासलं तिथला रंगही फिका झाला, तो पुन्हा लावला, आणि या खेपेला आत मुरणारा सिलॉक्सेन सीलर मारला. चमक गेली. पडवी मात्र त्यानंतरचे सगळे पावसाळे नीट आहे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर अंथरायचा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करायच्या. एएसटीएम डी 4263 या अमेरिकी चाचणीत किमान 16 तास सांगितलेत, मी दोन रात्री ठेवतो. उचलल्यावर आतून थेंब धरलेले असतील किंवा कोबा काळपट दिसला, तर डबा उघडायचा नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की मार्चमध्ये केलेली चाचणी मार्चची ओल सांगते, जुलैची नाही. कोकणात तळमजल्याच्या कोब्याखाली प्लास्टिक घातलंय याची खात्री नसेल, तर चाचणी काहीही म्हणो, मी पडदा धरणारा सीलर मारतच नाही.

स्टेनचा गाळ तसाच ठेवणे

ॲसिड स्टेनमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि धातूंचे क्षार असतात. कोब्यातल्या चुन्याशी त्यांची क्रिया होऊन रंग धरतो आणि वर भुकटीसारखा गाळ उरतो. तो रंगच आहे असं समजून पुष्कळ जण त्यावर सीलर मारतात. मग सीलर गाळाला चिकटतो, कोब्याला नाही. मी बादलीभर पाण्यात दोन-तीन मुठी खायचा सोडा टाकून ब्रशने घासतो. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने निदान दोनदा धुतो, कारण सोडाही मागे राहता कामा नये. वाळल्यावर जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्याने पुसायचं. फडकं रंगलं, तर पुन्हा धुवा. या कामात अर्धा दिवस जातो आणि नवशिके नेमका हाच अर्धा दिवस वाचवतात.

जाड थर

"एकदाच दाबून मारा, जास्त टिकेल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता साइटवर ते निघालं की रोलर मी स्वतःच्या हातात घेतो. जाड थराची वरची साय आधी वाळते, खालचं थिनर अडकतं आणि बुडबुडे धरतात. सकाळचं ऊन चढताना मारलं तर आणखी वाईट, कारण कोबा तापतो तशी त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते. मी चारच्या सुमारास, कोबा निवायला लागल्यावर हात घालतो आणि दव पडायच्या आत आटपतो. दोन पातळ हात, पहिला उभा, दुसरा आडवा.

बुडबुडे आलेच असतील आणि सीलर थिनरवालं ॲक्रिलिक असेल, तर झायलीन या थिनरचा पातळ हात फिरवला की थर विरघळून पुन्हा बसतो. पाण्यातल्या सीलरवर हा उपाय करायचा नाही. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा विझवलेला. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, रसायनांच्या वाफेसाठी असतो तो फिल्टरचा मास्क लावा.

खोबरेल प्यालेला जुना कोबा

आजीच्या घरातला लाल कोबा वर्षानुवर्षं खोबरेल तेलाने पुसलेला असतो. शहरातून आलेली मंडळी त्यावर थेट सीलर मारायला सांगतात. रोलर फिरला की सीलर गोळा होऊन मागे सरतो आणि मध्ये डोळ्यांसारखे गोल कोरे ठिपके राहतात. तेल काढायचं तर इतकं घासावं लागतं की घोटून आणलेला पृष्ठभागच जातो. तसा कोबा घोटणारे हात आता फारसे मिळत नाहीत. तो तेलावरच राहू द्या. वर्षातून दोनदा तेलाचा हात, सुक्या फडक्याने घासून पुसायचं, एवढं त्याला पुरतं.

आणखी काही, थोडक्यात. इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, अंगणात नको. बाहेरच्या पायऱ्यांवर चकचकीत सीलर मारलात तर पावसात कुणीतरी पडणार, शेवटच्या हातात खरखरीत दाणे मिसळा. गाडी जिथे उभी राहते तिथे ॲक्रिलिक नको, तापलेले टायर ते सोलून नेतात. रबरी पाठीचं पायपुसणं कायम एका जागी ठेवू नका, खाली डाग धरतो.

रोजची निगा

संडास साफ करायचं ॲसिड कोब्यावर कधीही ओतू नका. लिंबू आणि चिंचसुद्धा सीलर झिजलेल्या जागी कोबा खातात. हळद सांडली तर लगेच टिपून घ्या. साबण लागला की ती लाल होते हे पांढरे कपडे धुणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. सीलर नसलेल्या कोब्यावर साबणाशिवायही तसंच होतं, कारण कोबा मुळातच अल्कधर्मी असतो. पुसायला साधं पाणी किंवा न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) क्लीनर पुरेसा आहे.

दिवाळीच्या साफसफाईत मी उंबऱ्याशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर पाण्याचे चार थेंब टाकतो. थेंब मोत्यासारखे राहिले तर ठीक. मुरून काळपट डाग दिसला, तर धुऊन, पूर्ण वाळवून, त्याच जातीच्या सीलरचा एक पातळ हात, तोही आधी कोपऱ्यात लावून बघून. बाहेरच्या ॲक्रिलिकला साधारण दोन-तीन वर्षांनी याची गरज पडते. पूर्ण उडेपर्यंत थांबलात तर पुन्हा स्ट्रिपर आणि ब्रश.

कोणता सीलर कधी मारला, हे मी सिंकखालच्या कपाटाच्या दारावर आतून मास्किंग टेप चिकटवून लिहून ठेवतो. तीन वर्षांनी डबा सापडत नाही, मालकाला नाव आठवत नाही, मिस्त्री गावी गेलेला असतो. टेप मात्र तिथेच असते.