दशावताराचे फोटो काळे का येतात? फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरताना या चुका टाळा

जत्रेची रात्र. देवळासमोर दशावतार रंगात आलाय, संकासुर नुकताच रंगमंचावर आलाय, आणि तुम्ही सहाव्या रांगेतून छोट्या फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश मारता. रोल धुऊन येतो तेव्हा निगेटिव्हवर ती चौकट जवळजवळ कोरी असते. प्रिंटवर पुढे बसलेल्या माणसाची पांढरीफट्ट टोपी तेवढी दिसते, बाकी सगळा काळोख. माझ्या पहिल्या जत्रेचा निम्मा रोल असाच गेला. आधी मला फिल्मच खराब वाटली, पण फिल्म ठीक होती. फ्लॅशचा उजेड रंगमंचापर्यंत पोचलाच नव्हता.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा फ्लॅश १०० आयएसओच्या फिल्मवर साधारण तीन ते चार मीटर चालतो. (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा.) ४०० ची फिल्म घातली तर त्याच्या दुप्पट, त्यापुढे नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, म्हणून जवळची टोपी जळते आणि लांबचा संकासुर काळोखात जातो. त्यात त्याचा वेष काळा. जत्रेला जाताना ४०० चीच फिल्म घ्या. नाटक चालू असताना मात्र फ्लॅश बंद ठेवा. रंगमंचावर दिवे असतातच, आणि समोरून डोळ्यांवर फ्लॅश पडला तर नटाला त्रास होतो. कोपर गुडघ्यांवर टेकवा किंवा कॅमेरा देवळाच्या कठड्यावर ठेवा आणि पात्र क्षणभर स्थिर झालं की बटण दाबा. फ्लॅश वापरायचाच असेल तर खेळ सुरू होण्याआधी, नट रंगायला बसलेले असतात तिथे. विचारून जा, दोन मीटरवर थांबा आणि आरशासमोर सरळ उभे राहू नका, नाहीतर आरशातला फ्लॅशच फोटोत येईल. मला स्वतःला ते फोटो रंगमंचावरच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात.

दुसरी चूक रात्रीच्या मोडची. बऱ्याच कॅमेऱ्यांवर चंद्राचं किंवा चांदणीचं चिन्ह असतं. या मोडमध्ये फ्लॅश पडतो आणि शटर मात्र आणखी काही वेळ उघडं राहतं. फ्लॅशने माणूस उजळतो, उरलेल्या वेळात मागचे दिवे फिल्मवर उतरतात. त्रिपुरारी पौर्णिमेला पेटलेल्या दीपमाळेसमोर आजीला उभं करायचं असेल तर हाच मोड हवा; साध्या ऑटोमध्ये आजी दिसेल, दीपमाळ विझल्यासारखी दिसेल. पण फ्लॅश चमकला की लोकांना वाटतं फोटो झाला, आणि ते हलतात. मग एका चेहऱ्याला दुसरा धूसर चेहरा चिकटतो. म्हणून आधीच सांगा, ‘मी ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.’ कॅमेराही हातात धरू नका. पडवीचा खांब, चिऱ्याचा गडगा, मोटारसायकलची सीट, काहीही चालेल. सेल्फ टायमर लावलात तर बटण दाबतानाचा धक्काही वाचतो.

आणखी एक. कित्येक कॅमेरे झाकण बंद केलं की पुन्हा ऑटोवर येतात. ऑलिंपस म्यू दोन तसाच आहे. मघाशी बंद केलेला फ्लॅश आताही बंदच असेल असं धरून चालू नका, दर वेळी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघा.

फिल्मच्या डब्यावर काळ्या-चंदेरी चौकटी असतात, तो डीएक्स कोड. कॅमेरा त्यावरून आयएसओ ओळखतो. घरी भरलेल्या डब्यावर हा कोड नसेल तर बरेच कॅमेरे १०० धरतात. मग ४०० ची फिल्म असूनही शटर विनाकारण जास्त वेळ उघडं राहतं आणि रात्रीचे फोटो हलतात.

आता आपल्या हवेबद्दल. गणपतीत पाऊस असतोच. पागोळ्यांच्या आत उभं राहून बाहेर अंगणात फ्लॅश मारला की जवळचे थेंब चमकतात आणि फोटोभर पांढरे गोळे येतात. पावसात फ्लॅश बंद ठेवा, किंवा माणसांना ओटीवर घ्या. एसी गाडीतून थेट हर्णैच्या बंदरावर उतरलात तर लेन्सवर वाफ धरते, आणि ते तुम्हाला कळतच नाही, कारण या कॅमेऱ्यांत आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. कॅमेरा वीसेक मिनिटं बॅगेतच राहू द्या, मग बाहेर काढून लेन्स डोळ्यांनी तपासा. फ्लॅशवर आलेलं बोटही त्या खिडकीत दिसत नाही.

कॅमेऱ्याच्या त्या खिडकीजवळचा दिवा लुकलुकत असेल तर फ्लॅश अजून भरतोय, थांबा. नेहमीपेक्षा फार वेळ लागू लागला तर सेल उतरलेत. खाऱ्या हवेत सेलच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ती सुक्या कापसाने पुसा, मग पेन्सिलच्या खोडरबराने पट्टी घासा. मिरग लागला आणि कॅमेरा कपाटात जाणार असेल तर सेल आधी काढून ठेवा. एवढं करूनही फ्लॅश पडत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, सेल काढल्यावरही, आणि तो झटका जोराचा बसतो. दुरुस्ती जाणकाराकडेच द्या.