डिझेल सांडलेली माती जागेवरच कशी सुधारावी

पंपाच्या इंजिनाखाली किंवा टाकीजवळ डिझेल मुरलं, की लोक आधी जिवाणूंच्या बाटलीमागे धावतात. तेल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत मुळातच असतात. अडतं ते नत्र (नायट्रोजन) आणि हवा यांच्यावाचून.

पातळ डिझेल साचलं असेल तर लाकडाच्या भुशाने टिपून वेगळं काढा. आग जवळ नको. तेलकट माती खणून जाड ताडपत्रीवर वीत-दीड वीत जाडीने पसरा, कडांना बांध घाला. विहीर किंवा ओढा लांब असावा. पावसाळ्यात वर झाकण हवंच, नाहीतर तेल पाण्याबरोबर वाहून जातं.

ढेकळं फोडा. काळी माती चिकट असते, तिच्यात हवा शिरत नाही. पाच घमेली मातीला एक घमेलं भुसा किंवा बारीक काड मिसळा. थोडं कुजलेलं शेणखतही चालेल.

आता खत. १ घनमीटर म्हणजे साधारण दीड टन माती. तिच्यात किलोमागे १० ग्रॅम तेल धरलं, तर एकूण सुमारे १५ किलो होतं. तेलातला कर्ब (कार्बन), नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं प्रमाण १०० : १० : १ ठेवायचं म्हटलं की युरिया पावणेतीन किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट पावणेदोन किलो लागतं. सुपर फॉस्फेट एकदाच घाला. युरिया मात्र तीन हप्त्यांत, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, पाण्यात विरघळवून. एकदम ओतला तर क्षार आणि अमोनिया वाढून जिवाणूच मरतात.

ओल वाफशाइतकी ठेवा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा माती खालीवर करा. कुजका वास आला तर पाणी जास्त झालंय, लगेच पालटा.

वास गेला म्हणजे तेल गेलं असं नाही, हलका भाग नुसता उडूनही जातो. मूठभर माती पेलाभर पाण्यात ढवळून तवंग बघा. मग या मातीत आणि चांगल्या मातीत मेथीचे वीस-वीस दाणे पेरा. उगवण सारखी झाली तर वाळ्याची रोपं लावा. त्याची खोल मुळं जिवाणूंना आसरा देतात. खाण्याचं पीक मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीनंतरच.

माती जुन्या इंजिन ऑइलची असेल तर त्यात शिसं, जस्त असू शकतं. धातू जिवाणू खाऊन संपवू शकत नाहीत. मोहरी ते थोडं थोडं शोषते, पण कापलेला पाला गुरांना घालू नका आणि खतातही टाकू नका.