पिचकारी थांबली, इंजिन तापलं

कृष्णेतून, औदुंबरहून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाकडे मी आणि बायको आमच्या बोटीतून निघालो होतो. (बंधाऱ्याला बोट उचलून पलीकडे नेणं हा वेगळाच व्यायाम!) आउटबोर्ड इंजिनमागची (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची) पाण्याची पिचकारी थांबल्याचं बायकोला दिसलं. म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी वर चढत नव्हतं. लगेच बंद करून वर उचललं. पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णीच्या मुळ्या. त्या काढल्या, पिचकारीच्या भोकात बारीक तार फिरवली. धार आली, पण मरतुकडी. मग वल्ही मारत काठ गाठला, इंजिनाचा खालचा भाग उतरवून पंपातला रबरी इम्पेलर (पाणी वर ढकलणारं पात्यांचं चाक) बदलला. कोरडा फिरला की त्याची पाती तुटतात. तुटलेले तुकडे मोजून काढा; एखादा पाण्याच्या वाटेत राहिला तर नवा इम्पेलरही फुकट. सुटा इम्पेलर सोबत असूच द्या, काठावरच्या गावात ट्रॅक्टरचा पार्ट मिळेल, हा नाही.