चक्कर आली की आधी डोळे बघा

आमच्या चोपड्याकडे मे महिन्यात कुणी गरगरून बसलं की घरातले एकच बोलतात, ऊन लागलं. कांदा फोडतात, पन्हं पाजतात. मी आरोग्यसेविका, दारोदार सांगते, पन्ह्याचा ग्लास ठेवा बाजूला, आधी डोळे बघा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, एवढ्यालाच लोक लकवा मानतात. पण मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला तर हातपाय धड राहू शकतात, आणि बिघाड दिसतो तो डोळ्यांत नि चालण्यात.

माणसाला उजेडाकडे तोंड करून टेकून बसवा. हातभर अंतरावर बोट धरा. मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे बघायला सांगा. बोट सावकाश डावीकडे, उजवीकडे, मग वर, खाली. अगदी कडेला नेऊ नका, तिथे चांगल्या माणसाचे डोळेही जरा थरथरतात. एखादा डोळा मध्येच अडतो का? एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा वर आहे का? बुबुळं वर-खाली झटके देत असतील, किंवा डावीकडे बघताना डावीकडे नि उजवीकडे बघताना उजवीकडे झटके येत असतील, तर संशय मेंदूचाच घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवता येतो. दोन्ही डोळे एकाच बाजूला ओढलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूने हाक मारली तरी वळत नाहीत, तर पुढे काही तपासूच नका, निघा.

“माले दोन दोन दिसतस” म्हणाले तर आळीपाळीने एकेक डोळा झाका. कोणताही झाकला की एकच दिसतं, म्हणजे दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय. एक झाकूनही दोनच दिसत असेल तर बहुतेक मोतीबिंदू किंवा चष्म्याचं काम. शुगरवाल्यांच्या डोळ्याची नसही अशीच दगा देते, पण ते घरी ठरत नाही. अचानक झालंय ना, मग दवाखाना.

डोळे ठीक वाटले पण माणूस आधाराशिवाय उभा राहत नाही, तरी १०८ लावा. पाणी नको, गोळी नको. गिळताना ठसका लागून फुफ्फुसात जातं. मान मोडून देणाऱ्याला तर हातही लावू देऊ नका. शेवटचं ठणठणीत कधी होते ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागातला लकवा दिसायचा राहू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला नि डोळे तसेच असतील, तर एमआरआयचं विचारा.