स्वस्तातला मिक्सर किंवा मिडी कंट्रोलर टिकाऊ आहे का, हे कसे तपासावे

कमी किमतीचे मिक्सर बहुतेक वेळा आवाजावरून हिणवले जातात. खरे तर त्यांच्या आत ४५५८ किंवा ४५८० असे जे ऑप-ॲम्प (आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या चिप) असतात, ते मधल्या किमतीच्या कितीतरी यंत्रांतही सापडतात आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करतात. पैसा वाचवला जातो तो हाताला लागणाऱ्या भागांत, म्हणजे फेडर (वर-खाली सरकणारी दांडी), नॉब, बटणे, सॉकेट आणि खोका यांत. बिघाडही बहुतेक तिथेच होतो. म्हणून तपासणीत कानांपेक्षा बोटांना जास्त काम द्या.

पायरी १: यंत्र बंद ठेवून हाताळा

सुरुवात मागच्या बाजूने करा. तिथल्या ६.३५ मिमी जॅकच्या सॉकेटभोवती नट आहे का, ते बघा. नट असेल तर प्लगचा ताण पत्र्यावर किंवा खोक्यावर येतो. नसेल तर सॉकेट फक्त आतल्या सर्किट बोर्डाला सोल्डरने चिकटलेले असते आणि प्रत्येक ओढाताण त्या सोल्डरवर जाते. स्वस्त मिक्सरमध्ये सगळी सॉकेटे आणि नॉब मिळून बहुधा एकच मोठा बोर्ड असतो. केबलीत एकदा कुणाचा पाय अडकला तरी सोल्डरला बारीक तडा जाऊ शकतो आणि मग ‘हलवलं की आवाज येतो, सोडलं की जातो’ हा प्रकार सुरू होतो.

आता नॉब दोन बोटांत धरून आडवा हलवा. थोडा खेळ असणारच. पण शेजारच्यापेक्षा एखादा जास्त डुगडुगत असेल, तर लक्ष द्या. फेडर वरपासून खालपर्यंत अगदी हळू सरकवा. मध्येच अडखळणे किंवा एका टोकाला जड लागणे चांगले नाही. मग खोका दोन विरुद्ध कोपऱ्यांवर धरून हलकाच पिळा. करकर आवाज आला तरी घाबरू नका, प्लास्टिक ते करतेच. पण पिळताना फेडर घट्ट होत असेल, तर आतला बोर्ड नीट टेकवलेला नाही.

वजनावर मात्र फार विसंबू नका. तळाशी जाड पत्रा असला की यंत्र भारदस्त वाटते. त्यावरून फेडर कसा आहे ते कळत नाही.

पायरी २: मिक्सर चालू करून ऐका

हेडफोन लावा आणि सगळे फेडर खाली ठेवा. मुख्य फेडर ० डेसिबलच्या खुणेवर आणा. मग एकेका चॅनेलचा फेडर त्याच खुणेवर आणून गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) हळूहळू वाढवा. काहीही जोडलेले नसताना गेन शेवटपर्यंत नेला की सूं असा आवाज येणारच, तो दोष नव्हे. सगळ्या चॅनेलांचा आवाज साधारण सारखा हवा. एकच चॅनेल जास्त फुसफुसत असेल किंवा गुणगुणत असेल, तर ते यंत्र परत ठेवा.

पुढे चॅनेलला संगीत जोडा आणि प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर तोच नॉब वीस-तीस वेळा फिरवून पुन्हा ऐका. बरेच दिवस पडून राहिलेल्या यंत्रात आतल्या पट्ट्यावर मळ बसतो, तो अशाने निघतो. एवढे करूनही खरखर राहिली, तर ती पुढे वाढतच जाणार.

एक चाचणी सहसा कुणी करत नाही. मुख्य आवाज जवळजवळ शून्यावर आणा आणि डावा-उजवा कान सारखा वाजतो का ते ऐका. स्टीरिओ नॉबमध्ये कार्बनचे दोन पट्टे असतात आणि स्वस्त नॉबमध्ये ते खालच्या टोकाला जुळत नाहीत, त्यामुळे एकच बाजू वाजते. मोठ्याने वाजवणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. रात्री हेडफोनवर काम करणाऱ्याला मात्र रोज टोचेल.

४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला केबलीतूनच वीज देणारी सोय) असेल तर आवाज पूर्ण खाली ठेवूनच त्याचे बटण दाबा. नाहीतर धप्प असा धक्का थेट स्पीकरला बसतो.

पायरी ३: कंट्रोलर असेल तर आकडे बघा

कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही, तो मिडी या संगीत-यंत्रांच्या संदेशभाषेत संगणकाला आकडे पाठवतो. म्हणून त्याची तपासणी ऐकण्यापेक्षा बघण्याची. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर किंवा लिनक्सवर एसेकडम्प हा संदेश दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. मिडीच्या साध्या संदेशात मूल्य ० ते १२७ असते. फेडर एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला १२७ दाखवतो का? १२५ वरच अडकत असेल, तर आवाज कधीच पूर्ण उघडणार नाही. मग हात काढून घ्या आणि मिनिटभर नुसते बघा. कुणी हात न लावता ६३, ६४, ६३ असे आकडे थरथरत असतील, तर त्या फेडरची पट्टी किंवा जोडणी कच्ची असू शकते.

न थांबता गोल फिरणारे एन्कोडर अगदी सावकाश फिरवा. एकाच दिशेने फिरवताना मूल्य मध्येच मागे उडी मारत असेल, तर आतले संपर्क खराब आहेत. हा दोष कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवारणीने तात्पुरता दबतो आणि परत येतो.

कीबोर्डच्या पट्ट्यांखाली सहसा रबराच्या टोप्या असतात. प्रत्येक पट्टीला दोन संपर्क असतात आणि पहिला व दुसरा जुळण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. त्यामुळे एका संपर्कावर धूळ बसली तरी ती पट्टी हळू दाबूनही एकदम १२७ देऊ शकते किंवा गप्पच बसते. सगळ्या पट्ट्या सारख्या जोराने दाबत जा, विचित्र आकडा लगेच डोळ्यात भरतो. बोटांनी वाजवायच्या पॅडवर एका टिचकीत दोन नोट उमटतात का, तेही बघा. संवेदनशीलता कमी करूनही तसेच होत असेल, तर दोष पॅडचा.

पायरी ४: वीज आणि यूएसबी

यूएसबी २.० पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळतात. त्याच पोर्टला स्वतःची वीज नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावून त्यावर चार उपकरणे टांगली, की कंट्रोलर मध्येच गायब होतो आणि शिव्या त्याला बसतात. आधी थेट पोर्टला आणि दुसऱ्या केबलने लावून बघा. मगच निकाल द्या.

पोर्टच्या प्रकारांत जुना चौकोनी टाइप-बी दिसायला बोजड, पण बोर्डावर भक्कम बसतो. पातळ मायक्रो पोर्ट असेल, तर केबल सतत काढू-घालू नका.

ॲडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्रांचेही एक बघावे. काही लहान मिक्सरांना डीसी नव्हे, एसी देणारा ॲडॅप्टर लागतो. प्लग बसला म्हणून कुठलाही लावू नका, ॲडॅप्टरवरचा छापील मजकूर आणि यंत्रावरचा मजकूर जुळवून घ्या.

पायरी ५: दुरुस्ती आणि ड्रायव्हर यांची चौकशी करा

क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर) वरून दोन-चार स्क्रू काढून बदलता येतो का? सुटा मिळतो का? डीजेसाठी घेत असाल तर मी या एका मुद्द्यावर बाकी पाच सुविधा सोडून देईन, कारण झिजणार तर तोच आधी.

यंत्राला वेगळा ड्रायव्हर (यंत्र आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) लागतो की ते क्लास-कंप्लायंट आहे, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवरच चालते, हेही विचारा. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केले, तेव्हा ज्या यंत्रांचे सॉफ्टवेअर कंपनीने नवे केले नाही ती धडधाकट असूनही अडचणीत आली. क्लास-कंप्लायंट यंत्रावर अशी वेळ सहसा येत नाही.

पायरी ६: घेतल्यावर जपा

धूळ फेडरचा पहिला शत्रू, म्हणून काम संपले की झाकण किंवा नुसते कापड टाका. हेडफोनच्या सॉकेटला एक छोटी जोडकेबल कायम लावून ठेवा. रोजची काढघाल त्या केबलीवर होऊ द्या. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

नॉब खरखरू लागला तर वीज काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासाच मारा. फेडरसाठी वंगण असलेला वेगळा फवारा मिळतो, तोच वापरा. साधा क्लीनर आतले ग्रीस धुऊन टाकतो आणि फेडर कोरडा पडतो. गंज सोडवणारा सर्वसाधारण फवारा तर अजिबात नको. नॉबवरचा किंवा खोक्यावरचा रबरी लेप चिकट झाला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, पण आधी तळाच्या कोपऱ्यात करून बघा, कारण छापलेली अक्षरेही सोबत जाऊ शकतात.

वॉरंटी चालू असेपर्यंत खोका उघडू नका. ती संपल्यावर एखादे चॅनेल मेले आणि दुरुस्तीचा खर्च झेपण्यासारखा नसेल, तर त्यावर टेप लावून बाकीची चॅनेले वापरत राहा. पण मुख्य आउटपुटच तुटक येत असेल, तर तो मिक्सर कार्यक्रमाला नेऊ नका.